मातृत्वाची पक्की प्रत

मराठीत ‘विवाहसंस्था’ हा शब्द चांगला रुळलेला आहे. ‘कुटुंबसंस्था’, ‘जातिसंस्था’ हेही आपण सहज म्हणतो. वि. का. राजवाडे यांनी भारतीय विवाहसंस्थेचा इतिहास लिहायला घेतला तेव्हा खळबळ माजली होती. पण लग्नाला इतिहास आहे, ते माणसांनी घडवले आहे, हे आज कोणाला फारसे खटकत नाही. ‘मातृत्वसंस्था’ हा शब्द मात्र कानाला टोचतो. लग्न माणसाने केले, आई निसर्गाने केली, अशी आपली समजूत असते; आणि निसर्गाला संस्था म्हणणे म्हणजे पावसाला सरकारी खाते म्हणण्यासारखे वाटते. अमेरिकन कवयित्री एड्रिएन रिच यांनी १९७६ साली ‘ऑफ वुमन बॉर्न’ या पुस्तकात हे टोचणे मुद्दाम पत्करले. उपशीर्षकातच त्यांनी मातृत्वाचे दोन भाग पाडले: अनुभव आणि संस्था. बाई आणि मूल यांच्यात जे घडते तो अनुभव. ते कोणाच्या नावाने, कोणाच्या परवानगीने आणि कोणाच्या ताब्यात घडावे हे ठरवणारी कायदा, वैद्यक, धर्म आणि लोकलज्जा यांची चौकट ती संस्था. ही फोड आज इतकी परिचयाची झाली आहे की ती सुचली कशी, हे विचारायचे राहून जाते. रिच स्वतः तीन मुलांच्या आई होत्या म्हणून सुचली, हे उत्तर अपुरे आहे. तीन मुलांच्या आया जगात असंख्य होऊन गेल्या. माझ्या मते या विचाराचा दुसरा पाय वर्गात होता. रिच यांनी अनेक वर्षे लेखन शिकवले. लिहिलेले वाक्य कितीही सुबक दिसले तरी ते कोणीतरी रचलेले असते आणि म्हणून बदलता येते, हे लेखन शिकवणाऱ्याला रोज सांगावे लागते. मातृत्व ही पक्की प्रत नसून कोणीतरी केलेला खर्डा आहे, हे रिच यांचे म्हणणे त्याच कामातून आले.

रिच यांचा जन्म १९२९ चा, बाल्टिमोरचा. वडील जॉन्स हॉपकिन्समध्ये विकृतिशास्त्राचे प्राध्यापक. आई पियानोवादक, जिची मैफलींची वाट संसारात मागे पडली. वडिलांनी मुलीला आपल्या ग्रंथसंग्रहात वाढवले, तिच्याकडून छंद-यमकांचा सराव करून घेतला. १९५१ साली पदवी हाती येत असतानाच डब्ल्यू. एच. ऑडन यांनी तिचा पहिला संग्रह येल विद्यापीठाच्या तरुण कवींच्या मालेसाठी निवडला. प्रस्तावनेत त्यांनी या कवितांच्या विनयाचे आणि नेटकेपणाचे जे कौतुक केले, ते एखाद्या चांगल्या घरातल्या मुलीचे करावे तसेच होते. १९५३ मध्ये लग्न, १९५५ ते १९५९ या काळात तीन मुलगे. या वर्षांत लेखन तुकड्यातुकड्यांनी होत राहिले: मुले दुपारी झोपली की, रात्री-अपरात्री जाग आली की. याच तुकड्यांतून सुनेच्या आयुष्याची छायाचित्रे मांडणारी एक दीर्घ कविता उभी राहिली आणि १९६३ च्या संग्रहाला तिचेच नाव मिळाले. या काळातल्या दोन गोष्टी पुढच्या विचारासाठी महत्त्वाच्या आहेत. १९५६ पासून रिच प्रत्येक कवितेखाली वर्ष घालू लागल्या. कविता म्हणजे काळाबाहेरची सुबक वस्तू नसून एका चाललेल्या प्रवासातला टप्पा आहे, ही त्यामागची जाणीव. दुसरी गोष्ट सर्वनामाची. त्या दीर्घ कवितेतली बाई ‘मी’ म्हणून बोलत नाही, ‘ती’ म्हणून दिसते. तेव्हा ‘मी’ म्हणण्याची हिंमत झाली नाही, हे रिच यांनी पुढे स्वतःच नोंदवले. आपला संताप एका सर्वनामाआड लपला होता, हे ओळखायला वाचकाचा नव्हे, लेखनाची बांधणी तपासणाऱ्याचा डोळा लागतो.

तो डोळा न्यूयॉर्कमध्ये तयार झाला. १९६६ साली कुटुंब तिथे आले आणि १९६८ मध्ये रिच सिटी कॉलेजच्या ‘सीक’ या उपक्रमात शिकवू लागल्या. गरीब वस्त्यांतल्या, मुख्यतः कृष्णवर्णीय आणि पोर्तोरिकन मुलांना महाविद्यालयात आणण्यासाठी तो सुरू झाला होता. टोनी केड बंबारा, ऑड्री लॉर्ड आणि जून जॉर्डन या लेखिकाही तिथे शिकवत होत्या. १९६९ च्या एप्रिलमध्ये विद्यार्थ्यांनी कॉलेजचा परिसर ताब्यात घेतला, १९७० पासून विद्यापीठाची दारे सर्वांना खुली झाली, आणि प्राध्यापकांच्या टेबलांवर अशा वह्या येऊन पडल्या की ज्यांत प्रत्येक ओळीत लाल शाई लागत होती. या मुलांना लिहिता येत नाही, असा निकाल देणे सोपे होते. रिच यांच्या सहकारी मीना शॉनेसी यांनी तसा निकाल दिला नाही. सुमारे चार हजार निबंध तपासून त्यांनी १९७७ च्या आपल्या पुस्तकात दाखवले की या चुकांना स्वतःचे नियम आहेत. जिच्याकडे कोणी लक्ष दिले नाही अशा शाळेत, परक्या प्रमाणभाषेत लिहायला लावल्यावर बुद्धिमान माणूस नेमका असाच चुकतो. वहीतली चूक विद्यार्थ्याची असते; चुकांचा नमुना मात्र व्यवस्थेचा असतो. रिच यांनी १९७२ मध्ये या अध्यापनावर जो निबंध लिहिला त्याचाही गाभा असाच आहे: भाषा ही सत्ता आहे, आणि ती कोणाच्या हाती द्यायची व कोणाच्या हाती द्यायची नाही हे आधीच ठरलेले असते. आता या वर्गातून उठून आईकडे पाहा. मुलावर खेकसलेली, थकलेली, एकांत हवा म्हणून स्वतःला राक्षसीण समजणारी बाई म्हणजे आईपणात नापास झालेली बाई, हा निकालही तितकाच सोपा होता. रिच यांनी तिच्या अपराधी भावनेकडे चुकांच्या नमुन्यासारखे पाहिले. इतक्या बायका एकाच जागी चुकत असतील, तर तपासायची गोष्ट धडा आहे.

१९७१ च्या डिसेंबरमध्ये मॉडर्न लँग्वेज असोसिएशनच्या अधिवेशनात केलेल्या भाषणात रिच यांनी या पद्धतीला नाव दिले. लेखनाच्या वर्गात दुसरा खर्डा करण्याला ‘रिव्हिजन’ हा जो साधा शब्द आहे, तोच त्यांनी मधोमध तोडला आणि त्याचा मूळ अर्थ वर आणला: पुन्हा पाहणे. जुन्या ग्रंथाकडे नव्या दिशेने येऊन पाहणे हे बाईसाठी जगण्याचे काम आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यासाठी त्यांनी स्वतःच्याच जुन्या कविता उलगडून दाखवल्या, जसा एखादा शिक्षक फळ्यावर विद्यार्थ्याचा निबंध सोडवून दाखवतो. योगायोग असा की त्याच महिन्यात अध्यक्ष निक्सन यांनी देशभर पाळणाघरांची व्यवस्था उभी करू पाहणाऱ्या विधेयकावर नकाराधिकार वापरला. मूल सांभाळणे ही घरातली खासगी बाब आहे, हे वाक्य सरकारी सहीने पक्के झाले. एकीकडे लिहिलेले बदलता येते म्हणणारी शिक्षिका आणि दुसरीकडे आईचा मजकूर मोहोरबंद करणारी सत्ता, ही दोन टोके एकाच महिन्यात समोरासमोर दिसली.

‘ऑफ वुमन बॉर्न’ हे रिच यांचे पहिले गद्य पुस्तक, आणि त्याची रचनाच त्याचा युक्तिवाद आहे. पहिले प्रकरण १९६० च्या रोजनिशीने उघडते. त्या नोंदींत मुलांविषयीचे प्रेम आणि संताप इतके जवळजवळ आहेत की लिहिणारीच हबकते आणि दोष स्वतःच्या माथी घेते. सोळा वर्षांनी त्याच नोंदी ती पुरावा म्हणून मांडते. मजकूर तोच, अक्षर तेच, वाचणारी बदलली. मग पुस्तक इतिहासात शिरते: सुईणींच्या हातातून प्रसूती डॉक्टरांकडे कशी गेली, इंग्लंडमधल्या चेंबरलेन घराण्याने प्रसूतीचा चिमटा पिढ्यान्पिढ्या गुपित म्हणून कसा ठेवला, रुग्णालयांच्या प्रसूतिगृहांत बायका तापाने कशा मरत राहिल्या. शेवटी ते १९७४ च्या एका घटनेपाशी थांबते. शिकागोच्या उपनगरात आठ मुलांच्या आईने आपल्या सर्वांत धाकट्या दोन मुलांना ठार मारले होते. ‘आई असून?’ हा सगळ्यांचा प्रश्न. रिच यांचा प्रश्न वेगळा होता: हे घर, हा एकांत, ही न मागितलेली बाळंतपणे कोणी आखली? आईविषयी जे लिहिले गेले ते बहुतेक मुलग्यांनी लिहिले, हे रिच यांचे आणखी एक निरीक्षण. मराठी वाचकाला यावर दूर जावे लागत नाही. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’चे नावच सांगते की आई तिथे कोणाची तरी आहे आणि सांगणारा मुलगा आहे. पुस्तकाचे मोल त्याने उणे होत नाही. पण ती आई स्वतः रोजनिशी लिहिती तर त्यात काय असते, हा प्रश्न त्या पानांवर उभा राहत नाही.

इथे माझ्या प्रतिपादनावर पहिला रास्त आक्षेप येतो. रोजनिशी १९६० ची, सुनेची कविता त्याच्याही आसपासची. ‘सीक’चा वर्ग मात्र १९६८ चा. म्हणजे विचार आधी आला आणि वर्ग मागून. शिवाय मधल्या काळात स्त्रीमुक्तीची चळवळ उसळली होती. श्रेय वर्गाला कशाला? यातला कालक्रम खरा आहे. दुखणे वर्गाच्या आधीचे होते, ते घरातून आले. पण दुखणे आणि निदान यांत फरक असतो, आणि १९६० च्या नोंदींत दुखणे असून निदान नाही, हे रिच स्वतःच दाखवतात. चळवळीने धीर दिला, वाचक दिले, हेही खरे. तरी चळवळीतून निघणारे निदान एकच नव्हते. शुलामिथ फायरस्टोन यांनी १९७० च्या ‘द डायलेक्टिक ऑफ सेक्स’ मध्ये गर्भधारणाच बाईच्या पारतंत्र्याचे मूळ मानली आणि तंत्रज्ञानाने बाईला तिच्यातून सोडवावे असा मार्ग सुचवला. रिच त्या टोकाला गेल्या नाहीत. अनुभव ठेवायचा आणि चौकट मोडायची, ही त्यांची निवड होती. एक वाक्य बिघडले म्हणून वही जाळायची नसते, हे लेखन शिकवणाऱ्याला ठाऊक असते. आणि या दुव्यासाठी केवळ अनुमानावर विसंबावे लागत नाही. डग्लस या महिला महाविद्यालयात शिकवत असताना, १९७८ च्या एका भाषणात रिच यांनी सांगितले की ‘सीक’च्या मुलांबद्दल पडलेले प्रश्न त्यांनी पुढे विद्यार्थिनींबद्दल विचारले: यांना कोणती पुस्तके दिली जातात, यांच्या गप्प बसण्याला काय म्हटले जाते, यांच्याकडून किती कमी अपेक्षा ठेवल्या जातात. दलित वस्तीतला शिक्षक मुलींच्या वर्गात गेल्यावर जे प्रश्न सोबत नेईल, त्याच जातीचे हे प्रश्न आहेत.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हाळ्याचा आहे. नऊ महिने पोटात वाढवणे, पान्हा फुटणे, रात्री मुलाच्या हुंकाराने जाग येणे यांत संस्था कुठे आली? आईच्या मायेला संस्था म्हटल्याने मायाच खोटी ठरते. या आक्षेपाचे उत्तर व्हिएन्नाच्या रुग्णालयात मिळते. १८४७ मध्ये इग्नाझ सेमेलवाइस यांनी दाखवले की शवविच्छेदन करून आलेले डॉक्टर हात न धुता प्रसूती करत, म्हणून बाळंतिणी तापाने दगावत होत्या. क्लोरीनच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे होताच मृत्यू झपाट्याने घटले. तोवर हा ताप हवेचा, प्रकृतीचा, नशिबाचा म्हणजे एकूण निसर्गाचा मानला जात होता. बाळंतपण नैसर्गिक होते आणि मरण मानवी हातांतून येत होते, पण दोन्हींवर चिठ्ठी एकच होती. रिच यांना एवढेच म्हणायचे आहे की चिठ्ठी काढून पाहा. जे खरोखर निसर्गाचे आहे ते तपासणीने नाहीसे होत नाही. मायेचेही तसेच. आईचे प्रेम सक्तीचे म्हणून सांगितले की ज्या दिवशी ते जाणवत नाही त्या दिवशी आई गुन्हेगार ठरते. सक्ती काढली की ते प्रेम ओळखू येते. माया खोटी ठरवण्याचा आरोप म्हणूनच संस्थेवर करायला हवा, तिची तपासणी करणाऱ्यावर नव्हे.

तिसरा आक्षेप सर्वांत भक्कम आहे आणि तो स्त्रीवादाच्या आतूनच आला. रिच यांनी वर्णिलेली आई गोरी, मध्यमवर्गीय, घरात एकटी पडलेली आहे. ज्या बाईला दुसऱ्यांची मुले सांभाळायला जाण्यासाठी आपली मुले शेजारी ठेवावी लागतात, तिला घरातला एकांत हा तुरुंग कसा वाटेल? गुलामगिरीत तर आईपणच हिरावले जात होते, कारण पोटचे मूल मालकाची मालमत्ता होते. पकडले गेल्यावर आपल्या मुलीला गुलामगिरीत परत पाठवण्यापेक्षा मारून टाकणाऱ्या मार्गारेट गार्नर यांच्या १८५६ च्या घटनेवरून टोनी मॉरिसन यांनी १९८७ मध्ये ‘बिलव्हेड’ लिहिली. पॅट्रिशिया हिल कॉलिन्स यांनी १९९० मध्ये दाखवले की कृष्णवर्णीय वस्त्यांत आजी, मावशी, शेजारीण मिळून मूल वाढवत आल्या. तिथे आईपण अनेक हातांत वाटलेले होते. हा आक्षेप रिच यांच्या वर्णनाला लागू पडतो, यात शंका नाही. त्यांच्या पद्धतीला मात्र तो बळ देतो. गुलामगिरीतली आई आणि उपनगरातली आई यांचे अनुभव वेगळे, पण दोघींच्या बाबतीत बाईचे मूल कोणाचे हे तिच्याबाहेर ठरते. आणि रिच यांनी या आक्षेपापुढे काय केले हे पाहण्यासारखे आहे. १९८६ च्या दशकपूर्ती आवृत्तीत त्यांनी नवी प्रस्तावना आणि तळटीपा जोडल्या, आपण वंश आणि वर्ग यांबाबत कुठे तोकडे पडलो ते लिहिले आणि जुना मजकूर तसाच दिसू दिला. कवितांखाली वर्ष घालणाऱ्या लेखिकेने आपल्या सिद्धान्ताखालीही वर्ष घातले. इतरांची प्रत तपासून आपली मात्र पक्की मानायची, ही सवलत त्यांनी घेतली नाही.

या टीकेच्या प्रकाशात मराठीतला एक जुना दस्तऐवज वेगळा दिसू लागतो. १८८१ मध्ये सुरतेत विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेला नवजात मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे अपिलात ती कमी झाली. वर्तमानपत्रांनी या निमित्ताने सगळ्या स्त्रीजातीच्या नीतीवर तोंडसुख घेतले, आणि बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून त्याला उत्तर दिले. ताराबाईंनी पुनर्विवाहाच्या बंदीकडे आणि नामानिराळ्या राहणाऱ्या पुरुषांकडे बोट दाखवले. रिच यांनी हे पुस्तक वाचले असावे असे मानायला काही आधार नाही. प्रभावाचा मुद्दाच इथे नाही. पण एकीचे लेखन बालहत्येपासून सुरू होते आणि दुसरीचे बालहत्येपाशी संपते, आणि दोघीही ‘तिने हे कसे केले?’ या प्रश्नाच्या जागी ‘हे कोणी घडवून आणले?’ हा प्रश्न ठेवतात. त्याआधी १८६३ मध्येच जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते. लग्नातले बाळंतपण डोहाळजेवणाने साजरे होते आणि विधवेचे तेच बाळंतपण मरण होते. शरीर तेच, कळा त्याच. फुल्यांनी ते गृह उभारून हा फरक संस्थेचा आहे हे दाखवले. तिथे जन्मलेल्या एका विधवेच्या मुलाला, यशवंतला, त्यांनी दत्तक घेतले, आणि पोटी मूल नसलेल्या सावित्रीबाई आई झाल्या. निसर्गाच्या नावाने चाललेली चौकट त्या घरात दोन्ही बाजूंनी उघडी पडली.

म्हणून हा विचार आपल्याकडे बाहेरून आणावा लागतो असे नाही. आपल्या भाषेत तर त्याची सोयही आहे. ‘आईपण’ आणि ‘मातृत्व’ हे दोन शब्द आपण एकाच अर्थाचे मानतो, पण वापरतो वेगळ्या ठिकाणी. आईपण निभावले जाते, त्याने कंबर दुखते. मातृत्वाचा गौरव होतो, त्यावर व्यासपीठावरून भाषणे होतात. रिच यांनी उपशीर्षकात जी फोड केली ती मराठीने शब्दांत आधीच करून ठेवली आहे, फक्त तिच्यावरून विचार केलेला नाही. तो केला तर एक कसोटी हाती येते. कोणतीही व्यवस्था आईपणाचा भार हलका करते की मातृत्वाचा मजकूर तसाच ठेवून त्याला नुसता सुबक करते, हे विचारता येते. आपल्याकडे प्रसूती लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी प्रसूतीची पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. अमेरिकेच्या संघीय कायद्यात खासगी क्षेत्रासाठी आजही फक्त बिनपगारी रजेची हमी आहे, हे लक्षात घेता ही मोठी गोष्ट आहे. त्याच दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा दिली. त्याच इमारतीत वडील काम करत असतील तर ते किती वेळा जातील, याविषयी कायदा बोलत नाही. रजा वाढली, सोय झाली. ‘मूल सांभाळते’ या वाक्याचा कर्ता मात्र तोच राहिला. लेखनाच्या वर्गात अशा वहीवर शिक्षिका एवढेच लिहील: भाषा सुधारली आहे, वाक्य पुन्हा लिहा.